नांदेडपासूनचं तिकीट

मला फुकट मिळालेल्या गोष्टींचा फार अभिमान आहे. मी लातूरला कॉलेजात गणित शिकवतो आणि घरातला प्रत्येक खर्च एकाच क्रेडिट कार्डावर करतो. किराणा, पेट्रोल, पोरांच्या फिया, बायकोच्या गुडघ्याचा एमआरआय, सगळं त्या कार्डावर. त्याचे पॉइंट एका विमान कंपनीच्या खात्यात साठत जातात. बायको म्हणते, तुमच्यासारखा माणूस सरणाची लाकडंसुद्धा कार्डावर घेईल. मी तिला म्हणतो, घेईन, आणि त्या पॉइंटांवर तू फिरून ये.

पण त्या पॉइंटांचं करायचं काय, हे बरीच वर्षं मला कळत नव्हतं. आम्ही कुठं जाणारी माणसं नाही. लग्नकार्याला नांदेड, देवाला तुळजापूर, कामाला पुणे. मग अक्काच्या लेकीला दिवस गेले आणि पॉइंटांना काम लागलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला कंधारला दिलेली. तिची लेक, माझी एकुलती एक भाची, जर्मनीत नोकरी करते. जावईही तिथंच. तिच्या सासूबाई शिरूर अनंतपाळच्या, त्यांचं नुकतंच कंबरेचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्यांना जाणं शक्य नव्हतं. बाळंतपणाला अक्कानंच जायचं हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं, पण अक्कानं ते नुसतं धरलेलं नव्हतं, मनाशी घट्ट बांधलेलं होतं. ही भाची जन्मली तेव्हा आमची आई जाऊन थोडेच महिने झाले होते. अक्काचं बाळंतपण सासरीच झालं. माहेरून कुणी बाई गेली नाही, कारण जाणारी बाईच उरली नव्हती. मी आणि वडील तांदळाचं पोतं आणि एक साडी घेऊन गेलो आणि ओसरीत बसून चहा पिऊन आलो. अक्का त्याबद्दल कधी बोलली नाही. पण भाचीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, मी जाते, मग आपण बाकीचं बघू.

आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीच्या लग्नात मी होतं नव्हतं ते सगळं केलं होतं, आता बाळंतपणाचा मानही मामाचाच असं मी जाहीर केलं. अक्काचं तिकीट माझ्याकडून, जाऊन येऊन. हे मी कंधारला त्यांच्या घरी सगळ्यांसमोर सांगितलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि मला बरं वाटलं. मग मी उत्साहानं पॉइंटांची भानगड समजावून सांगितली आणि दाजी म्हणाले, "म्हंजी फुकटात."

दाजी म्हणजे अक्काचे यजमान. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, आता निवृत्त आहेत. फार बोलत नाहीत, पण जे बोलतात ते तिकीट फाडून हातात दिल्यासारखं असतं. मी त्यांना म्हणालो, दाजी, फुकटात नव्हे, वर्षानुवर्षं साठवलेले आहेत. ते म्हणाले, हाव हाव, पर पैशे न्हाई लागले ना. अक्का भाकरी थापत होती, तिनं वर पाहिलं नाही. मला ते लागलं. माहेरचं म्हणून काही द्यावं आणि देण्याआधीच त्याची किंमत शून्य लागावी, याचा राग मी लातूरला येईपर्यंत गाडीत बायकोवर काढला.

पुढं कळलं की तिकीट काढणं हेच एक बाळंतपण होतं.

माझ्या कंपनीचं विमान जर्मनीला जात नाही. पण तिची एका आखाती कंपनीशी भागीदारी आहे. आपले पॉइंट हिच्याकडं, जागा तिच्या विमानात. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात या दोन कंपन्या म्हणजे व्याही आहेत. लग्नात गळ्यात गळे, आणि मग काही बिघडलं की हे म्हणतात त्यांना विचारा, ते म्हणतात यांना विचारा. आखाती कंपनी पॉइंटवाल्यांसाठी प्रत्येक विमानात दोन-चार जागा सोडते, कधी सोडते ते कुणाला सांगत नाही, आणि माझ्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या दिसतात तेव्हा त्या असतातच असंही नाही. मी रोज कॉलेजातून आल्यावर बसायचो. जागा दिसायची. दाबलं की गोल गोल चाक फिरायचं आणि क्षमस्व म्हणून पाटी यायची. दुसऱ्या दिवशी तीच जागा तितक्याच निर्लज्जपणे पुन्हा दिसायची.

हैदराबादहून शोधलं तर जागा नाही. मुंबईहून नाही. बंगळूरहून आहे, पण परतीची नाही. एका संध्याकाळी कंटाळून मी निघण्याचं ठिकाण म्हणून नांदेड टाकलं, आणि सगळं हिरवं झालं. नांदेडहून माझ्याच कंपनीच्या छोट्या विमानानं सकाळी हैदराबाद, तिथून संध्याकाळी आखाती कंपनीचं मोठं विमान, तिकडं एकदा बदलून जर्मनी. येतानाही तसंच, शेवटी हैदराबाद ते नांदेड. हैदराबादहून जे विमान भरलेलं होतं, त्याच विमानात नांदेडहून निघणाऱ्या माणसाला जागा होती. असं का, हे मी तीन जणांना फोनवर विचारलं. तिघांनी मला वाट पाहायला लावून गाणं ऐकवलं. गणिताच्या माणसाला याचा फार त्रास होतो. पण जागा मिळाल्यावर कारणाचा हट्ट धरू नये एवढं मलाही कळतं, मी बुकिंग केलं.

ते बुकिंग झालं आणि तिकीट आलं नाही. माझ्या कंपनीचा एक नंबर आला, तो आखाती कंपनीच्या साइटवर टाकला तर तिनं असा कुणी प्रवासी ओळखीचा नसल्याचं कळवलं. फोन केला. एक बाई म्हणाल्या, जागा धरून ठेवलेली आहे, तिकीट अजून निघालेलं नाही, भागीदाराकडून मंजुरी यायची आहे. मी हे दाजींना सांगितलं. मला वाटलं त्यांना समजायला जड जाईल. ते म्हणाले, "जागा धरली, तिकीट फाडलं न्हाई. मग चेकर आला तर काय दाखवायचं?" मी तोच प्रश्न इंग्रजीत करून पुन्हा फोन केला, आणि यावेळी पलीकडच्या माणसानं खरोखर काहीतरी दाबलं. संध्याकाळी तिकिटाचा लांबलचक आकडा आला. दाजींचा माझ्या मनातला भाव त्या दिवशी थोडा वाढला होता, हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं तो कोसळणार आहे.

अक्काची तयारी सुरू झाली. डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, बाळंतशेपा, ज्वारीचं पीठ, येसर मसाला, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. मी तिला प्रवास समजावला. नांदेडला चढायचं, हैदराबादला उतरून आतल्या आत दुसरीकडं जायचं, सामान थेट जर्मनीत मिळणार. ती ऐकायची आणि मान डोलवायची. तिनं आयुष्यात विमान आकाशातच पाहिलेलं. मी तिला म्हणालो, निघायच्या दिवशी मी लातूरहून थेट नांदेडच्या विमानतळावर येतो, तू कंधारहून ये, तासाभराचा तर रस्ता आहे, हार घालून तुला विमानात बसवतो. ती म्हणाली, बरं.

ठरल्या दिवशी मी पहाटे निघून नांदेडला पोचलो. हार होता, पेढे होते, नवा कोरा शर्ट घातलेला होता. नांदेडचं विमानतळ लहान आहे, वर्दळ बेताची. बाहेरच्या बाकावर बसून मी प्रत्येक येणारी गाडी पाहत होतो. प्रवासी आले, एक एक करून आत गेले. अक्का येईना. फोन लावला, लागेना. शेवटी दाजींचा लागला.

"दाजी, कुठवर आलात?"

"देगलूर मागं टाकलं," दाजी निवांतपणे म्हणाले. "चहाला थांबलो हाव. तुमचं काय, निघाले का न्हाई हैदराबादला?"

देगलूर नांदेडच्या पलीकडं आहे. देगलूर हैदराबादच्या रस्त्यावर आहे. माझ्या हातातला हार गुडघ्यावर पडला.

झालं होतं ते असं. अक्कानं हैदराबादला एकटीनं विमान बदलायचं हे ऐकून कंधारच्या बायकांनी धसका घेतला होता. एवढं मोठं ठेसन, बाई कुठल्या कुठं जाईल. शिवाय जर्मनीला निघालेल्या माणसाला घरच्या चार जणांनी निरोप द्यायचा आणि विमानतळ बाहेरून बघायचं, हा तर रिवाजच. मग दाजींनी भाड्यानं एक क्रूझर जीप सांगितली, तिच्यात चुलत्या, जावा, नणंदा, त्यांची लेकरं असे सगळे बसले, अक्काची ओटी भरली आणि वरात सरळ हैदराबादला निघाली. मला कळवलं का नाही, तर दाजींना वाटलं अक्कानं सांगितलं असेल, अक्काला वाटलं दाजींनी सांगितलं असेल, आणि दोघांनाही मनातून वाटत होतं की मी उगीच बेजार करीन.

मी दाजींना म्हणालो, तिकीट नांदेडपासून आहे. त्यावर त्यांनी जे सांगितलं, ते मी आजही शब्दशः सांगू शकतो.

"म्हंजी जास्तीचंच हाय की. मागच्या स्टँडपासूनचं तिकीट असलं आन पाशिंजर पुढच्या स्टँडवर चढला, तर कंडक्टर काय त्याला उतरवतो का? मी कैक येळा रिझर्वेशनवाल्याची सीट रिकामी आणली, दोन स्टँडं. बाई हैदराबादला चढंल. तोटा झाला तर आपला, कंपनीचा काय?"

यात चुकीचं काहीच नाही. एसटीत नाही, रेल्वेत नाही, माणुसकीतही नाही. फक्त विमानात आहे. विमानाच्या तिकिटात पहिला टप्पा चुकवला की पुढचे सगळे टप्पे आपोआप मरतात. जाण्याचे, येण्याचे, सगळे. मी हे दाजींना सांगायला तोंड उघडलं आणि आवाज इतका चढला की बाकावरच्या एका बाईनं लेकराला जवळ ओढून घेतलं. मी फोन ठेवला आणि आत पळालो.

खिडकीवरची मुलगी भली होती. तिनं शांतपणे सांगितलं की विमान निघेपर्यंत वेळ आहे, तोवर पहिला टप्पा तिकिटातून काढून घ्या, पण ते मला इथून जमणार नाही, कारण पुढचं विमान भागीदाराचं आहे, मुख्य कार्यालयाला फोन करा. मी केला. गाणं लागलं. ते गाणं मी इतक्यांदा ऐकलेलं होतं की त्यातली बासरी कुठं येते ते मला पाठ झालेलं. मग एक तरुण बोलला, सगळं ऐकलं, आणि म्हणाला, सर, पहिला टप्पा काढला की तिकीट नव्यानं काढावं लागेल, आणि हैदराबादहून पॉइंटची जागाच नाही. मी म्हणालो, अहो, त्याच विमानात, त्याच खुर्चीवर, त्याच बाई आहेत. तो म्हणाला, बरोबर आहे सर, पण त्या नांदेडहून निघणाऱ्या बाई आहेत. मी त्याच्याशी भांडत असताना बाहेर पंख्यांचा आवाज वाढला आणि अक्काची रिकामी जागा घेऊन विमान हैदराबादला गेलं.

थोड्या वेळानं माझ्या मोबाइलवर निरोप आला की आपलं बुकिंग रद्द झालेलं आहे आणि कंपनी आपल्याला पुन्हा सेवा देण्यास उत्सुक आहे.

मी गाडी हैदराबादच्या रस्त्याला लावली. नायगाव, नरसी, देगलूर, मागं सीटवर हार आणि पेढे, आणि फोनच्या स्पीकरवर पुन्हा ती बासरी. वाटेत मी कितीतरी लोकांशी बोललो. माझी कंपनी म्हणायची, जागा आखाती कंपनीची आहे, त्यांनी ती पुन्हा सोडली तर आम्ही तिकीट देऊ. आखाती कंपनी म्हणायची, तिकीट त्यांनी काढलेलं आहे, त्यांनी मागितलं तर आम्ही जागेचं बघू. दोघंही अत्यंत नम्र. कुणाच्या अंगावर ओरडावं तेही सापडेना, म्हणून मी संगारेड्डीपर्यंत एका ट्रकवर ओरडत गेलो. भाचीच्या डॉक्टरनं दिलेली तारीख आठवड्यावर आली होती. पॉइंटची पुढची जागा मला त्या महिन्यात कुठंच दिसत नव्हती.

हैदराबादच्या विमानतळावर आमची मंडळी बाहेरच्या बाजूला एका खांबाशी बसलेली होती. पोरं सरकत्या जिन्यावरून वरखाली करत होती. बायकांनी शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे काढले होते. अक्का नवी काठापदराची साडी नेसून, पायात नवे बूट घालून, सामानाच्या मोठ्या बॅगेवर बसलेली. मला बघून तिचा चेहरा उजळला. मला सांगावं लागलं.

सगळं सांगून झालं. दाजी माझ्याकडं न बघता समोरच्या ट्रॉल्यांकडं बघत होते. मी दाजींना बोलायचं ठरवून आलो होतो, पाच तास रस्त्यात त्याची उजळणी केली होती, पण अक्काच आधी बोलली, आणि ती कुणालाच उद्देशून बोलत नव्हती.

"माझ्या येळंला आई न्हवती. तवा मी म्हणले, असू दे, गेलेली बाई कुठून यील." ती बॅगेच्या चेनवरून हात फिरवत होती. "लेकीच्या येळंला आई जित्ती हाय. आन इथं बसून राहिली."

मला रडू आलं. मी उगीच चष्मा पुसला. दाजी उठले. त्यांनी टोपी सारखी केली आणि मला विचारलं की त्या दुसऱ्या कंपनीची खिडकी कुठं आहे.

बाहेरच्या बाजूला आखाती कंपनीचं तिकिटाचं एक छोटं कार्यालय होतं. काचेमागं एक साहेब, टाय लावलेला. मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. त्यांनीही तेच सांगितलं, तिकीट त्यांचं आहे, त्यांच्याशी बोला. दाजी माझ्या शेजारी उभे राहून ऐकत होते. मग मला मराठीत म्हणाले, "पाव्हणं, सोयरिकीत खटकं उडालं की आपण काय करताव? हिकडचा निरोप तिकडं नेताव का? दोघांना एका सतरंजीवर बसवताव." आणि त्यांनी मला माझ्या कंपनीला फोन लावायला सांगितला.

मी लावला. बासरी वाजली. यावेळी पलीकडं एक बाई आल्या, आवाजावरून अनुभवी वाटल्या. त्या त्यांचं नेहमीचं वाक्य सुरू करणार, तेवढ्यात दाजींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि काचेखालच्या फटीतून आत सरकवला. साहेब मागं सरकले. ते म्हणाले की आम्ही असं बोलत नसतो. देगलूर-हैदराबाद गाडीत तिकिटं फाडून फाडून दाजींची दख्खनी पक्की झालेली आहे. ते अदबीनं म्हणाले, "साब, उनकी बात हम तुमकू बोलना, तुमारी बात उनकू बोलना, कब तक? आमने-सामने बात कर लेव. हम चुप बैठते." तोवर मागं आमच्या चुलत्या, जावा, नणंदा येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी काही बोलत नव्हतं. फक्त धपाट्यांचा वास येत होता.

साहेबांनी फोन कानाला लावला.

सुरुवातीला दोघंही सर-मॅडम करत होते. मग साहेबांनी कीबोर्ड जवळ ओढला. मग ते आकडे वाचून दाखवू लागले, पलीकडून आकडे येऊ लागले. एकदा साहेब हसले. मला कळलं की ते हैदराबादचे आणि त्या बाईही हैदराबादच्याच, नोकरीला दिल्लीत बसलेल्या. दाजी खाली बघत उभे होते, खांद्याला पूर्वी कंडक्टरची बॅग लटकायची त्या बाजूला किंचित कललेले. खूप वेळानं साहेबांनी फोन परत दिला. आजच्या विमानाचं दार आता उघडता येणार नव्हतं. उद्या त्याच वेळच्या विमानात त्यांनी त्यांच्या बाजूनं जागा मोकळी केली होती, आणि बाईंनी त्यांच्या बाजूनं तिकीट काढलं होतं. हैदराबादपासून. परतीचं तसंच ठेवलं, थेट नांदेडपर्यंत.

ओटी भरून निघालेली बाई माघारी घरी न्यायची नाही, यावर क्रूझरमध्ये एकमत होतं. मग सगळेच राहिले. कुणाचा तरी भाचा हैदराबादला खोली करून होता, त्याच्यावर आम्ही सगळे कोसळलो. दुसऱ्या दिवशी पोरांना चारमिनार दाखवला, बायकांनी बांगड्या घेतल्या, आणि भाचीसाठी नेलेल्या डिंकाच्या लाडवांचा एक डबा कमी झाला तो कुणी खाल्ला हे अजून कळलेलं नाही. संध्याकाळी अक्काला हार घातला. कालचा होता, थोडा सुकलेला. ती दारातून आत गेली, पोलिसाला तिकीट दाखवलं, आणि वळून बघायचं विसरली. दाजी ती दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ तिथंच उभे होते. मग मला म्हणाले, लई आकडू नियम हायेत तुमच्या इमानाचे. मी म्हणालो, माझे नाहीत. पण मला राग आलेला नव्हता.

अक्का पोचली, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी भाचीला मुलगी झाली. अक्कानं व्हिडिओ कॉलवर दाखवली. मागं खिडकीत बर्फ आणि पुढं आमच्या आईच्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलेलं लाल तोंड. अक्काला फोनच नीट धरता येत नव्हता, कधी छत दिसायचं, कधी तिचा कान. ती लुगडी इतकी वर्षं तिनं ठेवली होती हे मला तेव्हा कळलं. मी लातूरला बायकोसमोर ढसाढसा रडलो आणि तिनं मला पाणी दिलं.

अक्काच्या परतीच्या आधी दाजींचा फोन आला. यावेळी ते विचारून घेत होते. हैदराबादला आणायला आलो आणि नांदेडचं विमान सोडलं तर चालंल का? मी सांगितलं, येताना चालतं, शेवटचा टप्पा सोडला तर पुढं मरायला काही उरत नाही, खुशाल घेऊन या. त्यांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, जाताना चढायलाच पायजे आन येताना मधीच उतरलं तर चालतंय, ह्येला काय अर्थ हाय. मी म्हणालो, काही नाही. आमचं पहिल्यांदाच एकमत झालं. पुन्हा क्रूझर सांगितली गेली. मला कॉलेजच्या परीक्षा होत्या, मी लातूरलाच राहिलो.

त्या दिवशी सकाळी अक्काचा हैदराबादहून फोन आला. सगळे भेटले होते. हार घालून झाला होता, चॉकलेटं वाटून झाली होती. मला वाटलं पोचल्याचं सांगतेय.

"सामान ह्यांच्या गाडीत टाकलं," ती म्हणाली. "मी दुपारच्या इमानानं नांदेडला यून राहिले. तू नांदेडला ये."

मी म्हणालो, अक्का, काही गरज नाही, सगळे आलेत, गाडीत बस. ती म्हणाली, ये म्हणले ना. मागून दाजींचा आवाज येत होता, तिला काहीतरी समजावत होते. तिनं फोन ठेवला.

परीक्षा दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारून मी निघालो. हार घ्यायला वेळ नव्हता. नांदेडच्या विमानतळाबाहेर त्याच बाकावर बसलो. दाजींचा फोन आला. ते देगलूरच्या अलीकडं कुठंतरी होते आणि अक्का उतरली का विचारत होते. तेवढ्यात छोटं विमान उतरलं. प्रवासी बाहेर यायला लागले, लॅपटॉपवाले, गुरुद्वाराला आलेलं एक कुटुंब, आणि त्यांच्या मागून अक्का. हातात फक्त एक पिशवी. बूट आता तिच्या पायाला सरावलेले होते. हैदराबादच्या त्या एवढ्या मोठ्या ठेसनावर ती एकटीनं विमान बदलून आली होती.

मी तिच्या पाया पडलो आणि विचारलं, एवढा खटाटोप कशाला, तासाभराचं तर विमान.

"जाताना एक जागा रिकामी गेली," अक्का म्हणाली. "तू दिलेली. लई लागलं मनाला. आता येताना कशी टाकू? भावानं वाढलेलं ताट हाय, सांडून उठत न्हाई."

मग तिनं पिशवीतून एक चॉकलेट काढून माझ्या हातात दिलं, इतरांना वाटून झाल्यावर माझ्यासाठी राखून ठेवलेलं. ते थोडं वितळलेलं होतं. मी ते तिथंच उभ्या उभ्या खाल्लं, आणि गाडी कंधारच्या रस्त्याला लावली.